थांबलेले जलसे आणि परतलेले गाणे

१

गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या रात्री पवनीतील आमच्या वस्तीत, विहारासमोरच्या मोकळ्या जागेत, मुलांनी पुन्हा बँड उभा केला. दोन गिटार, एक ड्रमसेट, एक कीबोर्ड आणि त्यांच्या शेजारी ढोलकी व दिमडी. सात वर्षे ही मुले मंचावर आली नव्हती. मुले म्हणतो खरे, पण त्यांतला एक आता एस. टी.त वाहक आहे, दोघे तासिका तत्त्वावर शिकवतात, एकजण नागपूरहून सुट्टी काढून आला होता. मंचासमोर बायाबापड्या, शाळकरी पोरे आणि माझ्यासारखे निवृत्त झालेले लोक सतरंजीवर बसले होते. माझ्या शेजारी बसलेल्या एका वयोवृद्ध कार्यकर्त्याने मला विचारले, "काजी मास्तर, ह्याले जलसा मनाचा का?"

त्यांच्या प्रश्नाला त्या वेळी मी उत्तर दिले नाही. उत्तर देण्याआधी एक कबुली देणे मला भाग होते. हा बँड सात वर्षे बंद राहिला, त्याला पोलीस कारण नव्हते, पैसा कारण नव्हता, कोणा सवर्ण पुढाऱ्याचा दबावही नव्हता. बंद पडण्याला कारण मी होतो, आणि माझ्यासारखी वस्तीतील आणखी चार जबाबदार माणसे होती. ती हकीकत पुढे येईलच. पण एखादे गाणे का थांबते, कोण थांबवते आणि ते परत येते तेव्हा नेमके काय परत येते, हा प्रश्न एकट्या पवनीचा नाही. आंबेडकरी जलशाच्या साऱ्या इतिहासाचाच तो प्रश्न आहे. आपल्याकडे जलशाचा इतिहास लिहिला जातो तो गायकांच्या नावांचा आणि गाण्यांचा. जलशाच्या मौनांचा इतिहास अजून कोणी नीट लिहिलेला नाही. तो लिहिण्याचा अधिकार माझा नाही, पण सुरुवात करून ठेवावी म्हणून हे टिपण.

२

जलसा म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्याला आधी सांगावे लागते. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. समाजाचा विचार निरक्षर शेतकऱ्यापर्यंत न्यायचा तर पुस्तक पुरे पडणार नव्हते. ओतूरच्या भीमराव महामुनींसारख्या सत्यशोधकांनी तमाशाचा लोकपरिचित साचा घेतला आणि त्यातला मजकूर बदलला. तमाशात आधी गण, मग गवळण, बतावणी आणि वग. गणात गणपतीचे स्तवन असते, गवळणीत कृष्ण गोपींची वाट अडवतो. सत्यशोधकांनी या साच्यात भटभिक्षुकशाहीची चिकित्सा भरली. सोंगाड्या तोच राहिला, पण त्याच्या हजरजबाबीपणाचा रोख फिरला. आता तो पुरोहिताला प्रश्न विचारू लागला.

आंबेडकरी जलशाने याच्या पुढचे पाऊल टाकले. १९२७ चा महाडचा सत्याग्रह, १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा या काळात नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी गावोगाव जलसे घेऊन हिंडले. कर्डकांनी पुढे या जलशांचे स्वरूप आणि कार्य सांगणारे पुस्तकही लिहिले. ते नसते तर आपल्या हाती फारसे काही उरले नसते. या जलशात गाणे असे आणि गाण्यानंतर फार्स असे. फार्समध्ये एक सनातनी असे, एक नव्याने शिकलेला तरुण असे, कधी मेलेले जनावर ओढण्यावरून वाद असे, कधी सावकाराच्या कर्जावरून, कधी मुलीला शाळेत घालण्यावरून. वाद समोरासमोर चाले. प्रेक्षकांतला म्हातारा, जो घरी सनातन्याचीच बाजू घेत असे, तो समोरच्या सनातन्याची फजिती पाहून हसे आणि हसता हसता स्वतःशीच वाद घालू लागे. बाबासाहेबांनी आपल्या दहा सभांच्या तोलाचा एक जलसा मानला, असे जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत. ती नुसती कौतुकाची भाषा मानू नये. सभेत माणूस ऐकतो. जलशात तो वादाचा पक्षकार होतो.

विदर्भाची वाट थोडी निराळी होती. मोहप्याला १८७९ साली जन्मलेले किसन फागोजी बनसोडे यांनी नागपुरात मुलींची शाळा काढली, वृत्तपत्रे चालविली आणि गाणीही लिहिली. त्यांचा मार्ग आधी चोखामेळ्याच्या अभंगाजवळून जाणारा होता. पुढे नागपूरकडे कव्वालीचा बाज रुजला. नागोराव पाटणकरांसारख्या गायकांनी तो गाजविला. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात, दंडार आणि खडी गंमत होती. दिवाळीनंतर मंडई भरे आणि मंडईच्या रात्री खडी गंमत उभी राही. ढोलकी, टुणटुणे, मंजिरी आणि बाईचे सोंग घेतलेला नाच्या. यातूनही भीमाचे गाणे गायिले गेले. साचा कोणताही असो, त्याला आपलासा करून त्यात आपला प्रश्न भरणे ही जलशाची रीत आहे. शेजारच्या वृद्धांना पहिले उत्तर येथेच मिळते. हार्मोनियम युरोपातून आली, कव्वाली सूफी दर्ग्यांतून आली. तेव्हा गिटार आली म्हणून जलसा बाटत नाही.

३

आता मौनांकडे वळू. मला तीन प्रकारची मौने दिसतात.

पहिले मौन आपण स्वतः स्वीकारलेले. माझे आजोबा गावकीच्या कामात डफडे वाजवीत. लग्न सवर्णाचे असो, मिरवणूक देवाची असो, डफड्याला बोलावणे येई. वाजविणाऱ्याने मांडवाबाहेर उभे राहायचे आणि शेवटी उरलेसुरले पदरात घ्यायचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा झाली. आजोबा दीक्षेला चालत गेले होते, असे वडील सांगत. परत आल्यावर त्यांनी डफडे आढ्याला टांगले ते पुन्हा काढले नाही. वडिलांच्या लग्नातही ते वाजले नाही. आमच्या घरात ते वाद्य एखाद्या जुन्या बेडीसारखे होते. त्याच्याकडे बोट दाखवून आजोबा म्हणत, "ते हाताले लागलं का पुन्हा बोलावनं येते."

शहरातल्या अभ्यासकांना हे लोककलेचे नुकसान वाटते. तसे ते पुस्तकात लिहितातही. त्यांना मी विचारतो : ज्या वाद्याचा आवाज म्हणजे बोलावण्याला होकार, ते वाद्य खाली ठेवल्याशिवाय माणूस ताठ कसा उभा राहणार? हा नकार होता आणि त्या नकारात एक मूल्य होते. परंतु हेही खरे की, कायमचा नकार म्हणजे वाद्यावरचा जुन्या मालकाचा हक्क मान्य केल्यासारखेच आहे. तामिळनाडूत परई या वाद्याचे असेच झाले. अंत्ययात्रेपुढे वाजविण्याच्या सक्तीमुळे ते अपमानाचे चिन्ह झाले होते. अनेकांनी ते टाकले. आणि पुढच्या पिढीने तेच वाद्य आपल्या मेळाव्यात अभिमानाने हाती घेतले. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने आणि संगीतकार तेनमा यांच्या सोबतीने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड मंचावर आला. त्यात गाना गाणारे वस्तीतले गायक आहेत, रॉक आणि रॅप आहे, आणि परईही आहे. त्यांनी नाव घेतले ते अयोती दास पंडितांच्या 'जातिविहीन' या कल्पनेवरून. आपल्याकडे मुंबईत कबीर शाक्य यांच्या 'धम्म विंग्ज' या बँडने बुद्ध आणि आंबेडकरांचा विचार रॉकच्या साच्यात मांडला. मधले मौन नसते तर हे परतणे झाले नसते. वाद्य आधी बलुत्यातून सोडवावे लागले, मगच ते हक्काचे झाले.

४

दुसरे मौन सत्तेने लादलेले.

अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारले. गिरणगावाच्या चाळींत त्यांनी तमाशा कामगारांच्या लढ्याचे हत्यार केला. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर अश्लीलतेचे कारण देऊन बंदी घातली. महार, मांग, कोल्हाटी यांची पिढ्यान्‌पिढ्यांची भाकरी एका हुकुमाने गेली. पुढे ती बंदी उठली, पण तमाशाची 'सुधारणा' करण्यासाठी समित्या बसल्या. अण्णा भाऊंनी आपल्या खेळाला 'लोकनाट्य' म्हटले आणि तो चालू ठेवला. त्यांच्या कलापथकावरही बंदी आली. नाव बदलणे हा भित्रेपणा नव्हता. ज्याच्या हाती कायदा नाही त्याला शब्दाचा आडोसा घ्यावा लागतो. मात्र त्या नव्या नावाने एक उलटे कामही केले. पुढे मध्यमवर्गाने 'लोकनाट्य' नाट्यगृहात नेले, टाळ्या वाजविल्या आणि तमासगीर मात्र तंबूतच राहिला. परत आलेल्या कलेबरोबर तिचा कलावंतही परत आला का, हे दर वेळी तपासून पाहिले पाहिजे.

११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा माणसे मेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. डाव्या चळवळीत आयुष्य घातलेल्या या शाहिराने अखेरच्या वेळी डोक्याला निळे फडके बांधले होते. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट तेथून सुरू होतो. तो पुरा व्हायला चौदा वर्षे लागली. एका शाहिराच्या मौनापासून निघालेली ती वाट दुसऱ्या एका कलापथकापाशी येऊन पोचली.

ते कलापथक म्हणजे पुण्याचे कबीर कला मंच. २००२ च्या गुजरातमधील हिंसाचारानंतर पुण्यातील तरुणांनी ते स्थापन केले. वस्तीतली मुलेमुली, हलगी, ढोलकी आणि नव्याने लिहिलेली गाणी. शीतल साठे यांचा आवाज ज्यांनी प्रत्यक्ष ऐकला असेल त्यांना वेगळे सांगणे नको. जुन्या जलशात बाईचे काम पुरुष करीत. येथे बाई स्वतः मंचाच्या मध्यभागी होती आणि आपल्या नावाने बोलत होती. मे २०११ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने मंचाच्या दोघांना अटक केली. माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप होता. उरलेले भूमिगत झाले. ज्यांचे काम लोकांसमोर उभे राहून गाणे, ते दोन वर्षे दिसेनासे झाले. जानेवारी २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अटकेतील काहींना जामीन दिला. नुसती विचारसरणीविषयीची सहानुभूती म्हणजे गुन्हा नव्हे, असा त्या आदेशाचा आशय होता. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी विधान भवनासमोर येऊन उभे राहिले. शरण आलो नाही, हा सत्याग्रह आहे, असे त्यांनी सांगितले. पुढच्याच महिन्यात सागर गोरखे आणि रमेश गायचोर तसेच आले. शीतल साठे तेव्हा गर्भवती होत्या. जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. बाकीच्या तिघांना जामीन मिळाला तो सर्वोच्च न्यायालयातून, जानेवारी २०१७ मध्ये. म्हणजे जवळजवळ चार वर्षांनी.

जामिनावर सुटलेली माणसे पुन्हा मंचावर आली. शीतल साठे आणि सचिन माळी यांनी 'नवयान महाजलसा' उभारला. त्या नावातच ही परंपरा कोणाची आहे हे स्पष्ट आहे. ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली आणि त्यात कबीर कला मंच होता. दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला जाणाऱ्यांवर हल्ले झाले. सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने गोरखे, गायचोर आणि ज्योती जगताप यांना एल्गार प्रकरणात अटक केली. परतलेले गाणे पुन्हा तुरुंगाच्या दारापाशी गेले. आरोपांचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे आणि मी त्यात पडत नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला एवढेच दिसते की, या देशात गाण्याला भाषणापेक्षा अधिक गंभीरपणे घेणारे दोनच वर्ग आहेत : एक निरक्षर श्रोता आणि दुसरी सत्ता. मधला शिकलेला वर्ग त्याला करमणूक समजतो.

हे फक्त आपल्याकडे घडते असेही नाही. चेकोस्लोव्हाकियात 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' हा रॉक बँड होता. १९७६ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्या खटल्याच्या निषेधातून 'चार्टर ७७' ही नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली. १९८८ मध्ये बँड फुटला आणि १९९७ मध्ये, चार्टरला वीस वर्षे झाली तेव्हा, तो पुन्हा एकत्र आला. चिलीचे 'इंती-इलिमानी' हे पथक ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावाच्या वेळी इटलीच्या दौऱ्यावर होते. ते मायदेशी परतू शकले १९८८ मध्ये. आणि ज्या ब्लॅक पँथर पक्षाच्या नावावरून १९७२ साली मुंबईत आपली दलित पँथर उभी राहिली, त्या पक्षाचाही स्वतःचा बँड होता. 'द लम्पेन' हे त्याचे नाव. पक्षाचे वृत्तपत्र पाठविण्याचे काम करणारी मुलेच त्यात गात. १९७०-७१ च्या सुमारास तो वर्षभर चालला आणि संपला. तो परत आला नाही. आपण पँथरचे नाव घेतले, जाहीरनामा घेतला, कविता तर त्यांच्या तोडीची लिहिली. पण त्यांनी वस्तीतल्या कार्यकर्त्यांच्याच हाती वाद्ये दिली होती हे आपल्या कानी पोचलेच नाही.

५

तिसरे मौन सर्वांत वाईट, कारण त्याला हुकूम लागत नाही. ते भीतीचे आणि प्रतिष्ठेचे मौन. येथे मी पवनीला येतो.

पवनी हे वैनगंगेच्या काठचे जुने, तटबंदीचे गाव. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथे उत्खनन केले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. गावकरी जिला जगन्नाथ टेकडी म्हणत, तिच्यात मौर्यकाळापर्यंत मागे जाणारा प्रचंड स्तूप निघाला. दगडी कठड्यांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे होती. एका स्तंभावर पाच फण्यांचा मुचलिंद नाग आणि त्याचे नाव कोरलेले होते. वस्तीतली माणसे तेथे रोजाने खोदायला जात. संध्याकाळी माती झटकत घरी येत आणि सांगत, "आपल्याच बुद्धाचं हाय ते." ज्या टेकडीवर आम्ही बकऱ्या चारल्या तिच्या पोटात आमचा इतिहास होता आणि आम्हांला तो कोणी शिकविला नव्हता. आज जवळच्या रुयाडला महासमाधीभूमीचा नवा स्तूप उभा आहे आणि तेथे लांबून लोक येतात.

याच भंडारा मतदारसंघातून १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक बाबासाहेबांनी लढविली. राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी त्यांचा आठ हजारांवर मतांनी पराभव केला. आमच्या जिल्ह्याच्या इतिहासातील हे पान आम्ही जयंतीच्या भाषणात वगळतो.

आणि याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे, २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चार माणसांना, आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना, गावच्या जमावाने ठार केले. पुढे नागपूरपासून साऱ्या महाराष्ट्रात लोक रस्त्यावर आले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. अ‍ॅट्रॉसिटी कायदा मात्र लागला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा केली आणि त्यामागे जातीचे कारण मानले नाही. मागे उरलेला बाप जानेवारी २०१७ मध्ये वारला.

आमच्या मुलांच्या बँडने खैरलांजीवर एक गाणे रचले होते. २०१८ च्या भीमजयंतीला ते पहिल्यांदा म्हणायचे ठरले. कोरेगाव भीमाला तीनच महिने झाले होते. वातावरण तापलेले होते. कार्यक्रमाची परवानगी माझ्या सहीने जायची होती. मी त्या मुलांना घरी बोलावले आणि म्हणालो, "सणाचा दिवस आहे. बाबासाहेबांवरची गाणी म्हणा. हे गाणे नको." त्यांनी कारण विचारले. मी नोकरीची, पोलीस ठाण्याची, गावातल्या सलोख्याची कारणे दिली. त्यांतला ढोलकीवाला म्हणाला, "सर जी, हे नाही मनाचं त मंग आमी कायले मनाव?" त्या वर्षी त्यांनी काहीच म्हटले नाही. आम्ही वर्गणीतून डीजे आणला. पुढे कोरोनाची दोन वर्षे गेली आणि त्यानंतरही दर वर्षी डीजेच आला. मुलांनी गिटार कोपऱ्यात ठेवली. एकाने ती विकलीही. मला मनातून बरे वाटले, हे आज कबूल करतो. भानगड टळली असे मी समजलो.

आजोबांनी डफडे टांगले आणि मी गिटार टांगायला लावली. वरवर दोन्ही मौने सारखी दिसतात. पण आजोबांनी वाद्य खाली ठेवले ते गुलामी नाकारण्यासाठी, आणि मी खाली ठेवायला लावले ते माझी पेन्शन सुखाने खाण्यासाठी. पहिल्या मौनातून माणूस उभा राहिला. दुसऱ्या मौनाने एका पिढीची आठवण पुसली.

ती पुसली हे मला कसे कळले तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी विहारात मुलांचा वर्ग घेत असताना मी बोलण्याच्या ओघात खैरलांजीचे नाव घेतले. दहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, खैरलांजी कोणत्या राज्यात आहे?" ती २००६ नंतर जन्मलेली. तिच्या पाठ्यपुस्तकात ते नाव नाही. तिच्या आईबापांनी भीतीने किंवा दुःखाने तिला सांगितले नाही. वस्तीच्या मंचावर ते नाव उच्चारले जाणार होते, ते मी उच्चारू दिले नाही. टेकडीखालच्या स्तूपाबद्दल आम्ही तक्रार करतो की इतिहास गाडला गेला. हा इतिहास तर माझ्याच हाताने गाडला गेला होता आणि त्याला वीस वर्षेही झाली नव्हती.

त्या आठवड्यात मी एकेका मुलाच्या घरी गेलो. माफी मागायला वडीलधाऱ्याची जीभ वळत नाही, तरी मागितली. ते लगेच तयार झाले नाहीत, आणि तेच बरोबर होते. एकाने सांगितले की आता घरसंसार आहे, रात्री तालमीला वेळ नाही. दुसरा म्हणाला की कमिटी पुन्हा गाणे तपासणार असेल तर नको. तेव्हा परवानगीच्या अर्जावर सही माझी राहील आणि गाण्यावर अधिकार त्यांचा राहील, असे ठरले. गिटार विकलेल्याने हप्त्याने दुसरी घेतली. आणि खैरलांजीचे गाणे म्हणायला त्यांनी त्या दहावीतल्या मुलीला बोलाविले. ती आता बारावीत आहे.

६

त्या रात्री बँडने नऊ गाणी म्हटली. आवाज मोठा होता. सुरुवातीला म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. खैरलांजीचे गाणे सातवे होते. त्यात चौघांची नावे येतात. नावे येतात तेव्हा सारी वाद्ये बंद राहतात आणि फक्त दिमडी वाजते. माझ्या मागे बसलेल्या एका बाईने प्रत्येक नावाला हळूच 'जय भीम' म्हटले. पुढच्या नावाला आणखी काहींनी म्हटले. गाणे संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. थोडा वेळ कोणी बोलले नाही.

मग जे झाले ते मुलांनी ठरविलेले नव्हते. पहिल्या रांगेतल्या एका पोराने विचारले, "त्याइले कोनी वाचवाले कावून नाही गेलं?" मंचावरच्या ढोलकीवाल्याने माईक खाली ठेवला आणि तोच प्रश्न समोर बसलेल्यांना केला. एका म्हाताऱ्याने उत्तर दिले, दुसऱ्याने ते खोडून काढले, एका बाईने दोघांनाही गप्प केले आणि आपल्याच गावात गेल्या उन्हाळ्यात झालेल्या एका भांडणाची आठवण दिली, ज्यात आपल्यापैकी कोणी मध्ये पडले नव्हते. अर्धा तास हे चालले. बँड मंचावर उभा होता आणि वाद खाली सतरंजीवर चालला होता.

तेव्हा मी शेजारच्या वृद्धांना म्हणालो, "हा जलसा आहे."

माझे म्हणणे एवढेच आहे. आज आंबेडकरी गाणी कमी नाहीत. जयंतीला रस्त्यावर गाणे मावत नाही. पण जुन्या जलशाचे दोन भाग होते, गाणे आणि वाद. डीजेने गाणे ठेवले आणि वाद टाकून दिला. स्तुतीची गाणी राहिली, फार्स गेला. बाबासाहेबांच्या नावाचा जयघोष करणाऱ्या मंचावर बाबासाहेबांना प्रिय असलेली चिकित्सा राहिली नाही. त्यामुळे एखादे कलापथक परत आले की, त्याच्या हाती हलगी आहे की गिटार, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. समोरचा माणूस त्याच्याशी वाद घालू लागला का, हे पाहावे.

कार्यकर्त्यांना आणखी दोन गोष्टी सांगतो. आपल्या तालुक्यातील बंद पडलेल्या कलापथकांची, भजनी मंडळांची, कव्वाली पार्ट्यांची माणसे अजून जिवंत आहेत. ती कोणत्या वर्षी थांबली आणि का थांबली, हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. दुसरी गोष्ट : मुले गाणे घेऊन तुमच्याकडे परवानगीला आली तर गाणे वाचू नका, अर्जावर सही करा. ते गाणे मी वाचले होते आणि मला ते कळलेही होते. कळले म्हणूनच मी ते थांबविले.

आजोबांचे डफडे अजून आढ्याला आहे. त्याचे कातडे केव्हाच फाटले. ढोलकीवाल्याने परवा ते उतरवून मागितले; नवे कातडे घालतो म्हणाला. आजोबा नाही म्हणाले असते की हो, हे मी बराच वेळ ठरवू शकलो नाही. शेवटी त्याला एवढेच विचारले, "बोलावणे कोणाचे आहे?" तो म्हणाला, "कोनाचंच नाही जी. आपलंच." मी शिडी धरली.